वंशावळ आणि ऋण

वंशावळ हा पुरावा असतो की दावा? या प्रश्नाच्या संदर्भात सतराव्या शतकातील स्कॉटिश लेखक सर थॉमस अर्कर्ट याचे उदाहरण लक्षणीय आहे. क्रॉमर्टीचा हा जमीनदार राजपक्षाकडून लढला आणि १६५१ साली वूस्टरच्या लढाईत कैद झाला. पुढच्याच वर्षी ‘पँटोक्रोनोकॅनन’ या पुस्तिकेत त्याने आपली वंशपरंपरा थेट आदमपासून स्वतःपर्यंत मांडली.

या वंशावळीला हसणे सोपे आहे. तिच्यामागची निकड मात्र दुर्लक्षिता येत नाही. १६४२ साली निवर्तलेल्या पित्याने कर्जात बुडालेली मालमत्ता मागे ठेवली होती. सावकारांचा तगादा होताच. त्यात विजयी सत्तेचे भय आले. काळाने सृष्टीच्या आरंभापासून जे राखले, ते एका राजवटीने मोडू नये, असा या वंशावळीचा अव्यक्त युक्तिवाद आहे. येथे पूर्वज सापडत नाहीत. वर्तमानाची गरज त्यांना घडवते.

तथापि हा युक्तिवाद स्वतःलाच छेदतो. आदम हा मूळपुरुष मानला, तर तो अर्कर्टच्या सावकारांचाही मूळपुरुष ठरतो. तेव्हा श्रेष्ठत्व वंशात उरत नाही, ते केवळ वंश सांगता येण्यात उरते. दहा पिढ्या मागे गेले की कोणाच्याही वंशवृक्षात पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. त्यांतील एका रेषेला ‘घराणे’ म्हणणे ही निवडच असते. प्रामाणिक वंशसंशोधकालाही ती चुकत नाही. परंतु त्याची निवड कागदपत्रांना उत्तरदायी असते, अर्कर्टची केवळ अभिमानाला. या दोहोंतील भेद नैतिक आहे.

१६५३ साली याच अर्कर्टने राब्लेच्या पहिल्या दोन ग्रंथांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. ‘गार्गांतुआ’च्या आरंभीच राब्ले वंशाभिमानाची थट्टा करतो: आजच्या राजांचे पूर्वज भिकारी आणि आजच्या भिकाऱ्यांचे पूर्वज राजे असू शकतात. ही थट्टा इंग्रजीत आणणाऱ्याने आपली वंशावळ कितपत गांभीर्याने लिहिली असेल, हा प्रश्न म्हणूनच खुला राहतो. पण ती विडंबन मानली, तरी मूळ पेच सुटत नाही. त्याच वर्षीच्या ‘लोगोपँडेक्टेइझन’मध्ये अर्कर्ट सावकारांविरुद्ध कैफियत मांडतो. नाव ज्या वाटेने येते, त्याच वाटेने ऋणही येते. पहिल्याचा माग आदमपर्यंत काढणारा अर्कर्ट दुसऱ्याचा माग पित्यापर्यंतही काढू इच्छित नाही. वंशावळीची खरी कसोटी तिच्या लांबीत नसून या अनिच्छेत आहे.