एकट्याचा माग, हजारांचा हिशेब

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात काही जागा जवळजवळ ओस आहेत. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ डॅनियल कर्कवुड यांनी १८६६ साली त्या दाखवून दिल्या. त्यांतली एक सूर्यापासून अडीच खगोलीय एककांवर. तिथला लघुग्रह गुरूच्या एका फेरीत आपल्या तीन फेऱ्या पुऱ्या करतो, आणि गुरूची ओढ त्याला पुन्हा पुन्हा त्याच तालात बसते. पण तेवढ्याने तो हाकलला कसा जातो, हे कोडे शतकभर सुटले नाही.

समीकरणे न्यूटनची, सगळ्यांच्या ओळखीची. ती पायरीपायरीने सोडवत लांबवर नेणे संगणकालाही जड जात होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक विस्डम यांनी गुरूची अखंड ओढ ठरावीक अंतराने बसणाऱ्या धक्क्यांच्या रूपात मांडली. मग लाखो वर्षांचा हिशेब आवाक्यात आला. त्यात दिसले ते असे: लाखभर वर्षे जवळपास गोल कक्षेत निमूट फिरणारा लघुग्रह एकाएकी लांबट कक्षेत शिरतो आणि थेट मंगळाच्या वाटेवर येतो! आधीच्या छोट्या हिशेबांत ही उसळी दिसणेच शक्य नव्हते.

ओस जागेत नवे लघुग्रह पोचवते ती सूर्याची ऊब. तापलेला लहानसा लघुग्रह फिरता फिरता उष्णता बाहेर टाकतो आणि त्या सूक्ष्म रेट्याने कक्षेवरून सरकतो. गोलेव्का नावाचा लघुग्रह १९९१ ते २००३ या काळात असा सुमारे पंधरा किलोमीटर सरकल्याचे रडारने टिपले.

ओस जागेतून निघणाऱ्या वाटांवर एकेका लघुग्रहाचे दूरचे भविष्य हाती लागत नाही. संगणकात आरंभी केसाएवढा फरक ठेवलेल्या त्याच्या दोन प्रतींपैकी एक सूर्यात जाऊन पडते, तर दुसरी सूर्यमालेबाहेर फेकली जाते. म्हणून अभ्यासक हजारो प्रती सोडतात आणि किती कुठे पोचल्या ते मोजतात. कोणी याला गणिताची माघार म्हणेल. मला ते मान्य नाही. एकाचा हट्ट सोडल्यामुळेच पृथ्वीजवळचे लघुग्रह पट्ट्याच्या कुठल्या दारातून, साधारण किती प्रमाणात येतात, हे सांगता येऊ लागले.

बेन्नू या पृथ्वीजवळच्या लघुग्रहापाशी तर ओसायरिस-रेक्स यान दोन वर्षांहून अधिक काळ राहिले. बेन्नूची कक्षा वर्षाला सुमारे २८४ मीटर आत सरकते, इथपर्यंत मोजमाप झाले. तरी २१३५ साली तो पृथ्वीजवळून जाईल तेव्हा मोजमापातली उरलीसुरली चूक कैक पटींनी वाढेल. म्हणून २४ सप्टेंबर २१८२ रोजी तो आदळेल का, याचे उत्तर शक्यतेतच मिळते: सुमारे २७०० मध्ये एक.