आधी विचारणा, मग तवक्कुल

वडिलांच्या हृदयाची किंवा आईच्या मेंदूची धोक्याची शस्त्रक्रिया करावी लागेल, असे कळले की धर्माबादच्या घरात एकच प्रश्न उभा राहतो: नांदेडला न्यावे, निजामाबादला की थेट हैदराबादला? हाच प्रश्न घेऊन माणसे नमाजनंतर इमामाजवळ थांबतात. दुआ इमामाकडून जरूर घ्यावी; सर्जनची निवड मात्र जाणकारांना विचारूनच करावी. ठाऊक नसेल तर जाणणाऱ्यांना विचारावे, ही सूरह नहलची (१६:४३) शिकवण आहे.

इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त एक प्रसंग आहे. एका जखमी माणसाचे रक्त साकळले. उपचारासाठी बनू अन्मार कबिल्यातील दोघांना बोलावले गेले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना विचारले की, तुम्हा दोघांत वैद्यकात अधिक निष्णात कोण? लक्षात घ्या, ओळखीचा कोण किंवा आपला कोण, असे त्यांनी विचारले नाही. हिजरतच्या प्रवासातील वाटाड्या अब्दुल्लाह बिन उरैकित हाही तेव्हा मुसलमान नव्हता. तो वाट जाणणारा आणि भरवशाचा होता.

म्हणून सर्जनला अदबीने, पण स्पष्ट विचारा: अशा किती शस्त्रक्रिया आपण स्वतः केल्या? त्यांतील किती रुग्ण बरे झाले? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? नंतर अतिदक्षता विभागात कोण पाहील? वेळ असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचेही मत घ्या. त्यात कोणाचा अपमान नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर सर्वांआधी त्याला विचारा, कारण देह त्याचा आहे. मग इस्तिखारा करा. मात्र स्वप्नाची वाट पाहत शस्त्रक्रिया लांबवू नका.

एवढे करूनही माणूस जाऊ शकतो. तेव्हा मय्यत उठण्यापूर्वीच भावाभावांत शब्द सुरू होतात: “माझे ऐकून हैदराबादला नेले असते, तर अब्बा वाचले असते!” या ‘तर’ने कित्येक घरांत कायमचा अबोला धरला आहे. सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय असा: हिताच्या गोष्टीसाठी झटा, अल्लाहची मदत मागा, हतबल होऊ नका, आणि संकट कोसळलेच तर ‘असे केले असते तर’ म्हणू नका, कारण ते सैतानाला वाट करून देते. निर्णयापूर्वीची चौकशी हे आपले कर्तव्य; नंतरचे फळ अल्लाहच्या हाती. ज्याने प्रामाणिकपणे विचारले, त्याला दोष देऊ नका. तो तुम्हीच असाल, तर स्वतःलाही देऊ नका.

अल्लाह आपल्या रुग्णांना शिफा, सर्जनच्या हाताला यश आणि आपल्या घरांना सबुरी देवो. आमीन.