खाडाखोड

‘सुंदर अक्षर हाच खरा दागिना’ हे वाक्य मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. चिनी अक्षरांच्या पाच मुख्य वळणांविषयी वाचले, तेव्हा प्रथम हेच वाक्य आठवले. छिन राजवटीने इ. स. पूर्व २२१ मध्ये देश एक केल्यावर सर्वत्र लागू केलेले मुद्रावळण, कारकुनांच्या घाईतून रूढ झालेले लिपिकवळण, चौकटीत ठाशीव बसणारे प्रमाणवळण. शिवाय धावते आणि शीघ्र.

यान चनछिंग हा प्रमाणवळणाचा आदर्श. शिकणारे आजही त्याचा कित्ता गिरवतात. पण त्याचे फार वाखाणलेले लेखन म्हणजे एक कच्चा खर्डा! बंडात पुतण्या मारला गेला. हाती लागले ते केवळ शिर. इ. स. ७५८ मध्ये यानने त्याचा शोकलेख धावत्या वळणात लिहायला घेतला. शब्द खोडले, पुन्हा लिहिले, शाई सुकेपर्यंत कुंचला ओढला. तो खर्डा तायपेच्या संग्रहालयात खाडाखोडीसकट जपला आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याने वडील वारल्यानंतर त्यांच्यावर निबंध लिहिला होता. खाडाखोडीबद्दल मी दोन गुण कापले.

मग नीटनेटकेपणा खोटा काय? तसे नाही. यानचा हात प्रमाणवळणात मुरला होता, म्हणूनच त्याची खाडाखोडही बोलते. हाताला शिस्त हवीच. पण मी ती त्या मुलाच्या दुःखाला लावली. ते दोन गुण आता कुठे नेऊन देऊ?