शुभ घटका आणि घड्याळाचा काटा

काळाला स्वतःचे असे काही शील असते काय? एक घटका मंगल आणि दुसरी अमंगल, हा भेद काळाच्या पोटातच असतो, की माणूस तो बाहेरून चिकटवतो? प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण तो रोज आपल्या घरात उभा राहतो. मुलीचे लग्न ठरले, घराचा पाया खणायचा झाला, बाळाचे नाव ठेवायचे झाले की कुणीतरी हळूच विचारते, "दिवस बघितला का?" देव्हारा गेला, नवस गेले. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. पण त्याच भिंतीवर एका बाजूला घड्याळ आणि दुसऱ्या बाजूला पंचांग अशी जोडी अजून पुष्कळ घरांत टिकून आहे. ही दोन्ही एका भिंतीवर नांदू शकतात काय, याचा विचार आपण घड्याळाच्याच इतिहासावरून करू.

घड्याळ हा शब्द घटिकेवरून आला. पूर्वी आपल्याकडे दिवस आणि रात्र मिळून ६० भाग करीत. असा एक भाग म्हणजे घटका, आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. ती मोजण्यासाठी तांब्याची पातळ वाटी असे व तिच्या बुडाला बारीक छिद्र असे. मोठ्या पात्रातील पाण्यावर ती वाटी सोडीत. छिद्रातून पाणी वर चढे, वाटी भरे आणि बुडे, की एक घटका झाली. 'घटका भरली' असे आपण अजूनही म्हणतो, ते या वाटीमुळेच.

या वाटीकडे नीट पाहावे. छिद्र तेच आणि पाणी तेच असेल, तर ती अमावास्येला जितक्या वेळात बुडते तितक्याच वेळात पौर्णिमेलाही बुडते. वाटीला शुभ-अशुभ ठाऊक नाही. पण वाटीजवळ बसलेला जोशी केवळ मोजून थांबत नसे. ही घटका चांगली, ती वाईट, असा निवाडाही तोच देई. मोजलेले कुणालाही पडताळता येते. निवाडा मात्र त्याच्या शब्दावर घ्यावा लागे. मोजमाप खरे होते, म्हणून त्याच्या आडून निवाडाही खरा म्हणून खपला.

हीच वाटी विहारातही होती. चिनी भिक्खू इत्सिंग सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आला व सुमारे १० वर्षे नालंदा येथे राहिला. येथील मोठ्या विहारांत राजांनी दिलेली पाण्याची घटिकायंत्रे होती आणि वाटी बुडताच ढोल वाजवून वेळ सांगितली जाई, असे त्याने लिहून ठेवले आहे. भिक्खूंना वेळ कशासाठी हवी होती? मध्यान्हानंतर भोजन करायचे नाही, हा विनयाचा नियम पाळायचा, तर मध्यान्ह केव्हा झाली हे नेमके कळले पाहिजे. यंत्र तेच, पण येथे ते शिस्तीसाठी होते आणि ढोल सर्वांना सारखा ऐकू येई. पुढे चीनमध्ये यी-शिंग या भिक्खूने एका सहकाऱ्यासह इ.स. ७२५ मध्ये पाण्याच्या चाकावर चालणारे, ठराविक वेळेला आपोआप घंटा व ढोल वाजविणारे यंत्र तयार केले. धम्माला कालमापन कधी परके नव्हते.

युरोपातही पूर्वी तास सारखे नव्हते. सूर्योदय ते सूर्यास्त यांचे १२ भाग करीत, त्यामुळे उन्हाळ्यातला तास लांब आणि हिवाळ्यातला आखूड होई. तेराव्या शतकाच्या अखेरीस वजनावर चालणारी यांत्रिक घड्याळे आली आणि हळूहळू दिवसाचे २४ समान तास रूढ झाले. १६५६ मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तिआन हायगेन्सने लंबकाचे घड्याळ केले. त्यापूर्वी घड्याळ दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटे चुके, आता ती चूक काही सेकंदांवर आली.

समुद्रावर मात्र लंबक चालेना. जहाज पूर्व-पश्चिम किती गेले हे ठरवायला अचूक वेळ लागते, आणि ती नसल्यामुळे जहाजे फुटत. १७१४ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने यावरील उपायासाठी २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस लावले. ते काम केले जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने. तो विद्यापीठात गेलेला नव्हता. त्याचे घड्याळ १७६१-६२ मध्ये जमैकाच्या प्रवासात ८१ दिवसांत सुमारे ५ सेकंदच मागे पडले. तरीही विद्वानांच्या मंडळाने त्याला वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवले. १७७३ मध्ये पार्लमेंटने रक्कम दिली तेव्हा तो ८० वर्षांचा होता. काट्याने त्याचे कुळ विचारले नाही, ते माणसांनी विचारले.

आज सेकंदाची व्याख्या सिझियमच्या अणूच्या कंपनांवरून केली जाते. १९६७ मध्ये ती ठरली तेव्हा ९,१९२,६३१,७७० कंपने म्हणजे एक सेकंद असे मानले गेले. तांब्याच्या वाटीपासून अणूपर्यंत माणसाने काळ अधिकाधिक बारीक मोजला. या सर्व मोजणीत एका क्षणाच्या अंगी मंगल आणि दुसऱ्याच्या अंगी अमंगल असल्याचे कुठेही आढळले नाही.

यावर कोणी म्हणेल, शेतकरी वापसा आल्याशिवाय पेरत नाही, मग योग्य वेळ नाही कशी? योग्य वेळ जरूर आहे. पण तिचे कारण दाखविता येते. माती हातात घ्या, ओल पाहा आणि स्वतः ठरवा. मुहूर्ताचे कारण असे कुणी हातात देऊ शकत नाही. दुसरा कोणी म्हणेल, मनाला समाधान मिळते, बिघडते काय? बिघडते ते फार मोठे आहे. मूल दूषित पाण्याने दगावते आणि दोष घटकेला जातो, पाणी तसेच राहते. मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणून मुलीला पांढऱ्या पायाची ठरवतात, मंगळ आहे म्हणून तिचे लग्न मोडतात. जन्माच्या जातीवरून माणसाची किंमत ठरविणे आम्ही नाकारले. मग जन्माच्या घटकेवरून ती ठरविणे कसे स्वीकारावे? दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की माणूस काय करतो यापेक्षा तो कुठे आणि केव्हा जन्मला हे मोठे.

तथागतांनी हा प्रश्न कधीच निकालात काढला आहे. नक्खत्त जातकात आजीवकाने नक्षत्र वाईट सांगितले म्हणून वराकडची मंडळी ठरल्या दिवशी गेली नाहीत आणि मुलगी दुसऱ्या घरी दिली गेली. सुपुब्बण्ह सुत्ताचा आशय असा, की काया, वाचा आणि मन यांनी सदाचरण केले तर ती सकाळ शुभ, ती दुपार शुभ. मंगलता कर्माची आहे, काळाला ती कर्मामुळे मिळते.

मात्र भिंतीवर घड्याळ लावले की समता आली, असेही नव्हे. स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरणी-जीवनाची १८५० मध्ये प्रसिद्ध झालेली हकीगत सांगते, की गिरणीतील घड्याळ सकाळी पुढे आणि रात्री मागे सारले जाई, आणि कामगार स्वतःचे घड्याळ बाळगायला भीत. ज्याच्या हाती घड्याळ, त्याच्या हाती माणसाचे आयुष्य. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा घेऊन आठवड्याची सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. बाबासाहेब मजूरमंत्री असताना आणलेल्या १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. तास सारखे आहेत, पण ते न्यायाने वाटले जावेत यासाठी माणसालाच झगडावे लागते.

तेव्हा बंधुभगिनींनो, घरात कार्य निघाले की एवढेच पाहावे: नातलगांना सुट्टी आहे काय, परीक्षा तर नाहीत ना, कर्ज तर काढावे लागत नाही ना. मग एखादा रविवार ठरवावा. तो आपल्या कष्टकऱ्यांनी मिळविलेला आहे. आणि पत्रिकेत सकाळचे १० छापले असतील, तर १० वाजताच त्रिसरण-पंचशील सुरू व्हावे. दुसऱ्याचा तास आपल्या तासाइतकाच मोलाचा आहे.