मात कोणी करायची?

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात कुणबी घरातलं मूल कोंकणीत लहानाचं मोठं होतं. शाळेत पाऊल टाकलं की कन्नड सुरू होते. सुपा धरणात जुनं सुपा गाव बुडालं आणि तिथली बरीच कुटुंबं रामनगरला येऊन वसली. त्या पट्ट्यात मराठीही घराघरांत आहे. काळी नदीच्या खोऱ्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या रानात विखुरलेल्या वाड्यांवरची ही मुलं दोन-तीन भाषांत बिनदिक्कत बोलतात. त्यांतलं एखादं मूल चौथीत गेलं तरी त्याला साधी ओळ धड वाचता येत नाही. शाळा म्हणते, घरची भाषा वेगळी आहे, येईल हळूहळू. घरचे म्हणतात, अभ्यासात याचं डोकंच नाही. ही दोन्ही उत्तरं इतकी हाताशी असतात की तिसरं कुणी शोधत नाही. त्या मुलाला अध्ययन अक्षमता असू शकते.

या अक्षमतेचा बुद्धीशी संबंध नाही, हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी नोंदलं गेलं आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकीगत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. पर्सी हुशार होता, गणितं सोडवायचा, पण साधे शब्द त्याला वाचता येत नसत. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत त्या लेखात आहे. हे वाचताना मला जोयड्याची मुलं आठवतात. इथल्या कुणबी समाजाचा कंदमेळा दरवर्षी भरतो आणि त्यात मांडलेल्या कंदांची विविधता पाहून बाहेरचा माणूस थक्क होतो. कुठल्या वेलाखाली कोणता कंद आहे, तो कधी काढायचा, कसा शिजवायचा हे सारं ज्ञान तोंडातोंडी चालत आलं आहे. ते आत्मसात करणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तरीही प्रश्न सोपा नाही. शाळेची भाषा परकी असणं ही अडचण खरी आहे आणि तिचं बाह्यरूप अध्ययन अक्षमतेसारखंच दिसतं: अडखळत वाचन, चुकीचं लेखन, मागे पडणं. दोन्हींतला फरक ओळखायचा तर मुलाला त्याच्या घरच्या भाषेत तपासावं लागतं, तेही तोंडी. ‘उदक’ या शब्दातला ‘उ’ काढला तर काय उरतं? ‘हात’शी जुळणारा दुसरा शब्द कोणता? केवळ कन्नड कमी येणारं मूल असे प्रश्न कोंकणीत बहुधा सहज सोडवतं. वाचनाच्या अक्षमतेचं मूळ मात्र अनेकदा शब्दातले ध्वनी सुटे करण्याच्या अडचणीत असतं, म्हणून असं मूल स्वतःच्या भाषेतही अडखळतं. एवढ्यावर निदान होत नाही, पण कोणत्या मुलाकडे अधिक लक्ष द्यायचं, हे कळतं.

आपल्या लिप्यांचाही विचार करायला हवा. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर होतो. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली उतरतं. इंग्रजी शिकणाऱ्याला सव्वीस अक्षरं ओळखायची असतात, इथे स्वरचिन्हं आणि जोडाक्षरं धरून शेकडो आकृत्या. कन्नड वाचनावर संशोधन करणाऱ्या सोनाली नाग यांनी २००७ साली दाखवलं की इथली अक्षरओळख पक्की व्हायला प्राथमिक शाळेतली बरीच वर्षं लागतात. म्हणजे पहिलीतल्या चुकांनी घाबरायचं कारण नाही. पण याच सबबीवर चौथीपर्यंत डोळे मिटून बसायचंही नाही.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत आली. इंग्रजी चाचण्यांवर विसंबून राहायचे दिवस तिने मागे टाकले, हे मोठं काम आहे. पण त्या चार भाषांत कोंकणी नव्हती. दोन भाषांच्या मध्ये उभं असलेलं जोयड्याचं मूल अशा वेळी कोणत्या मोजपट्टीने मोजायचं?

निदान लांबलं की त्याची किंमत मूल मोजतं. मुंबईत डॉ. सुनील कारंडे आणि सहकाऱ्यांनी अशा किशोरवयीन मुलांच्या शालेय आठवणी ऐकून २००९ मध्ये शोधनिबंध लिहिला. अभ्यासात मागे पडणं, शिक्षकांचं टाकून बोलणं, सोबत्यांशी न जुळणं हेच त्या आठवणींत पुढे येतं. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. तपासणी करणारे दवाखाने आणि झगडणारे पालक असल्यामुळे मुंबईत त्या मुलांपर्यंत पोहोचल्या. जोयड्याच्या पालकाला मात्र अशा तपासणीसाठी अणशी घाट उतरून कारवार गाठायचं किंवा धारवाडची वाट धरायची. रोजंदारी बुडवून, एकदा नव्हे, अनेकदा.

म्हणून ‘अक्षमतेवर मात’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. त्यात सगळा भार मुलाच्या जिद्दीवर टाकलेला असतो. आपल्या कायद्याने तसं केलेलं नाही. १९९५ च्या कायद्यात अध्ययन अक्षमतेला जागाच नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिला एकवीस प्रकारांमध्ये स्थान दिलं. त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमात ही अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य शैक्षणिक उपाय करणं ही जबाबदारी शासन आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार पुढे नेला. हाताने लिहिण्याची अडचण असलेल्या या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता, कारण त्यांची अक्षमता किमान चाळीस टक्क्यांच्या अटीत बसत नव्हती. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने लेखनिकाचा हक्क त्या टक्केवारीला बांधता येणार नाही, असं सांगितलं.

जोयड्यात याचा अर्थ काय? तिसरीतल्या प्रत्येक मुलाची तोंडी चाचणी कोंकणीत आणि शाळेच्या भाषेत, दोन्हींत व्हावी. त्यासाठी गावातलीच कोंकणी बोलणारी शिकलेली माणसं तयार करता येतील. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टर-मानसतज्ज्ञांनी ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी यावं. मुलाने घाट उतरू नये. आणि प्रमाणपत्र हाती येईपर्यंत शिक्षकाने थांबू नये. धडा मोठ्याने वाचून दाखवणं, उत्तर तोंडी घेणं, अक्षर आणि ध्वनीची जोडी पुन्हा पुन्हा पक्की करून घेणं याला कुठल्याही शिक्क्याची गरज नाही.

यांतलं काहीच खर्चीक नाही. आठवीपर्यंत वरच्या वर्गात ढकलत नेलेलं, वाचता न येणारं मूल नववीत शाळा सोडतं, तेव्हा आपण ते मूल कमी पडलं असं लिहून मोकळे होतो. ते कागद बदलायला हवेत. शाळा सोडल्याच्या कारणांत ‘अभ्यासात गती नाही’ असं लिहिण्याआधी त्या मुलाला त्याच्या भाषेत एकदा तरी तपासलं होतं का, याचं उत्तर शाळेने, तालुक्याने आणि जिल्ह्याने द्यायला हवं. मात करण्याचं काम त्यांचं आहे.