दुरुस्तीवरची दुरुस्ती

जुन्या बाजारात कधीतरी एखादा लहानसा पितळी स्टोव्ह दिसतो. पाय सुटे करून पत्र्याच्या डब्यात भरायचा आणि डोंगरावर न्यायचा, त्या जातीचा. टाकीवर ‘प्रायमस’ आणि ‘स्टॉकहोम’ अशी अक्षरे. पण बर्नर भलत्याच घडणीचा, एक पाय लोखंडी सळईचा आणि टाकीच्या कडेला कथिलाचा डाग. असा स्टोव्ह पूर्ववत करायचा म्हणजे नेमका कोणत्या दिवसापर्यंत मागे न्यायचा?

फ्रान्स लिंडक्विस्ट या स्वीडिश कारागिराने १८९२ मध्ये प्रायमस स्टोव्ह घडवला आणि वातीची कटकट संपवली. पंप मारला की टाकीतले रॉकेल दाबाने वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून सुटून ती निळी जळते. काजळी धरत नाही. १९११ मध्ये दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या अमुंडसेनच्या सामानात प्रायमस होता, आणि आपल्या चाळींत पहाटे भर्र आवाज करणारा स्टोव्हही त्याच कुळातला. इतक्या दूरवर गेलेल्या वस्तूला सगळीकडे मूळचे सुटे भाग कुठून मिळणार? जे हाताला आले, ते लोकांनी बसवले.

ओळख पटवायची तर आधी पॉलिशचा मोह आवरावा. प्रायमसच्या टाकीवर बहुधा घडणीचे वर्ष सांगणारे अक्षर ठोकलेले असते. चकाकीच्या नादात घासत बसलो तर तेच झिजते. चिंचेच्या पाण्यात पितळ फार वेळ राहिले तर वरचे जस्त निघून जाते आणि तांबूसपणा उरतो. म्हणून आधी भिंग, मग चिंच.

पुढचे काम निवडीचे. पंपाचा चामडी वायसर सुकला असेल तर बिनदिक्कत बदलावा; तो झिजण्यासाठीच असतो. टाकी पाण्यात बुडवून पंप मारावा. डागाजवळ बुडबुडे आले, किंवा डागाखाली तडा दिसला, तर तिथे हळवेपणा कामाचा नाही. दाबाखालची टाकी दगा देते तेव्हा भडका उडतो. तो स्टोव्ह शोभेपुरताच ठेवावा. पण परका बर्नर घट्ट बसत असेल आणि ज्योत निळी देत असेल, तर तो काढायचा कशाला? सळईचा पायही राहू द्यावा. कुणाला तरी थंडीत चहा हवा होता आणि पाय हरवला होता, एवढे तो सांगतो. बदलायचाच असेल तर जुना पाय चिठ्ठी बांधून डब्यात जपावा, म्हणजे पुढच्या माणसाला वेगळा निर्णय घेता येईल.

कारखान्यातून निघाला त्या दिवशी या स्टोव्हने एक कपभर पाणीही उकळलेले नव्हते. त्या कोऱ्या दिवसाकडे परत जाण्याचा हट्ट म्हणजे त्याने केलेली सगळी चाकरी पुसून टाकणे.

वाडवडिलांकडून आलेल्या चालीरीतींपुढेही आपण असेच उभे असतो. कुणाला त्यांचे शुद्ध मूळ रूप हवे असते, कुणाला जुने आहे म्हणून सगळेच राखायचे असते. दोघांचीही नजर वयावर. खरे तर नंतर जोडलेले एखादे ठिगळच ती रीत चालू ठेवत असते, आणि अगदी मूळचा एखादा भागच कुणाला तरी भाजत असतो. मूळ कोणते, हा वाद सवडीने घालता येईल. आधी टाकी गळत नाही ना, ते पाहावे.