सोडलेली सवलत

दिवाळीचे दिवस हे देण्याघेण्याचे दिवस. फराळाची ताटे शेजारी जातात, शेजारची आपल्याकडे येतात. भाऊबीजेला भाऊ तबकात ओवाळणी घालतो आणि बहीण ती हसून उचलते. या घेण्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. मात्र तीच बहीण एरवी त्याच भावाकडे पन्नास रुपये मागायची वेळ आली, तर चार दिवस मनाशी घुटमळेल. घेणारी तीच, देणारा तोच. मग एका घेण्यात मान का आणि दुसऱ्यात लाज का?

हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचलेला नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. मी बालवर्गाच्या मुलांना शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध एवढाच, की माझे आईवडील ज्या गोष्टींवरून एकमेकांशी अबोला धरतात, त्या बहुधा तत्त्वाच्या असतात. हा प्रश्नही मला त्यांच्या एका अबोल्यातूनच मिळाला. आणि त्या अबोल्याचे कारण होते रेल्वेचे एक तिकीट.

साल २०१७. दादरला असणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचे बारसे होते. अण्णा, आई आणि मी साताऱ्याहून कोयना एक्स्प्रेसने निघालो होतो. त्या काळी रेल्वेत ६० वर्षांच्या पुढच्या पुरुषांना भाड्यात ४० टक्के आणि ५८ वर्षांच्या पुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत मिळत असे. २०१६ साली रेल्वेने ती ऐच्छिक केली; आरक्षणाच्या अर्जावरच सवलत हवी की नको ते लिहायचे. शिवाय तिकिटावर एक ओळ छापलेली असे: प्रवासाला जो खर्च येतो, त्यातला सरासरी ५७ टक्केच रेल्वेला भाड्यातून मिळतो. अण्णा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ज्याने जन्मभर लोकांच्या पैशाचा हिशेब पैपैसा जुळवून ठेवला, त्याला ती ओळ वाचल्यावर स्वस्थ बसवणार कसे? “आपल्याला पेन्शन आहे. कमी भाड्यात जायची आपल्याला काय गरज?” असे म्हणून त्यांनी अर्जावर सवलत नाकारली. स्वतःची नाकारली, आणि आईचीही नाकारली.

आईला हे कळले ते पुणे मागे पडल्यावर. तिकीट तपासनीस आले. अण्णांनी तिकिटे पुढे केली आणि न विचारताच सांगितले, “दोघांचीही सवलत सोडली आहे आम्ही.” तपासनीसांनी मान डोलावली आणि ते पुढे गेले. आई खिडकीबाहेर पाहत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, “अहो, माझीही सोडलीत?”

“अगं, तुझी ती काय वेगळी?”

“मला विचारलं असतंत, तर मीही नकोच म्हटलं असतं. पण ते मी म्हणायचं होतं.”

एवढे बोलून ती जी गप्प झाली, ती दादर येईपर्यंत. घाटातली धुक्याची शोभासुद्धा तिने एकटीनेच पाहिली.

खरे सांगायचे तर त्या दिवशी मला आईचेच वागणे आडमुठेपणाचे वाटले. अण्णांनी काही वाईट केले नव्हते. ज्याला गरज नाही त्याने मागे सरावे म्हणजे गरज असलेल्याला पुढे येता येते, हे आपण मुलांना शिकवतोच. मग यात रागावण्यासारखे काय होते?

उत्तर मला माझ्या वर्गातल्या एका मुलाने दिले. कोणाच्या तरी वाढदिवसाचे लाडू मी वाटत होते आणि एक कमी पडत होता. मी विचारले, “कोण सोडतो आपला लाडू?” एक चिमुरडा ताडकन उठून म्हणाला, “बाई, माझ्या बहिणीला नको!” त्याची बहीण शेजारीच बसली होती. तिचा चेहरा पाहून मला एकदम कोयना एक्स्प्रेस आठवली. त्या मुलाच्या औदार्यात खोट नव्हती. तो खरोखरच उदार झाला होता. फक्त लाडू त्याचा नव्हता.

त्या दिवसापासून मी आईच्या बाजूने विचार करू लागले. तिच्या नावावर जगात काय होते? घर अण्णांच्या नावाचे. पेन्शन अण्णांची. माहेरची जमीन भावांची. रेशनकार्डावर ती कोणाची तरी पत्नी. आयुष्यभर तिला जे मिळाले ते कोणाची मुलगी, कोणाची बायको, कोणाची आई म्हणून मिळाले. आणि तिने ५८ वर्षे पार केली, एवढ्या एकाच कारणासाठी, मधे कोणतेही नाते न आणता, तिला काहीतरी मिळाले होते. रक्कम क्षुल्लक असेल. पण ती घेण्याचा किंवा सोडण्याचा अधिकार तिचा होता. अण्णांनी सोडला तो तिचा अधिकार. आणि त्यागाचे समाधान मात्र त्यांना मिळाले.

मला वाटते, त्यागाची पहिली अट ही आहे: जे सोडायचे ते आपले असले पाहिजे. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडले, तर त्याला त्याग म्हणता येत नाही. मग हेतू कितीही शुद्ध असो. संसारात आपण ही चूक किती सहजपणे करतो! आमच्याकडे मुलींना हुंडा-मानपान काही नको, असे बाप सांगतो ते योग्यच. पण आमच्या आईला आता मेलीला कुठे जायचेय, असे म्हणून मुलगा तिच्या वाट्याचा प्रवासही सोडून देतो. आईला काही लागत नाही, हे वाक्य घराघरात ऐकू येते. ते आई स्वतः म्हणाली आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

पुढे एक वेळ अशी आली, की सोडायला कोणाकडेच काही उरले नाही. २० मार्च २०२० पासून, साथीच्या दिवसांत अनावश्यक प्रवास टळावा म्हणून, रेल्वेने ज्येष्ठांची सवलत थांबवली. साथ ओसरली, गाड्या पूर्वीसारख्या धावू लागल्या, पण ती सवलत त्यांच्याबरोबर परतली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले, की ज्या प्रवासाला १०० रुपये खर्च येतो त्यासाठी रेल्वे ५४ रुपयेच घेते. म्हणजे प्रत्येक प्रवाशाला ४६ टक्के सवलत आहेच. मी ते वर्तमानपत्रातून अण्णांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही तेव्हा पूर्ण भाडं दिलं म्हणत होतो, तेही पूर्ण नव्हतंच!” अण्णांचा हिशेबीपणा मला आवडतो तो यासाठी. तो स्वतःच्या विरुद्ध गेला तरी ते तो लपवीत नाहीत.

आणि खरोखर, पूर्ण भाड्याने या जगात कोण प्रवास करतो? ज्या शाळेत आपण शिकलो तिचा खर्च आपल्या फीतून भागला नव्हता. ज्या रस्त्याने आपण जातो तो आपल्या जन्माआधी कोणीतरी खडी फोडून केलेला असतो. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. आईचा जन्म त्यानंतर वर्षाने. त्या गाड्यांचे टायर, डेपो आणि पगार आजवर ज्यांच्या तिकिटांतून भागले, त्यांतले कितीतरी लोक म्हातारपणी सवलत घ्यायला जगलेही नसतील. आपण सगळेच कोणाच्या तरी पैशाने थोडे पुढे आलेले असतो. घेणारा आणि देणारा अशा दोन जाती नाहीत. आज जो देतो तो उद्या घेतो, फक्त तेवढे आयुष्य त्याला लाभले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, सवलत द्यायचीच तर गरिबाला द्या. वय पाहून कशाला? आक्षेप खोटा नाही. पेन्शनवाला आणि मोलकरीण दोघांनाही वयाचा एकच नियम लावणे ढोबळच आहे. पण दारिद्र्याचा दाखला काढायला माणसाला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात आणि प्रत्येक उंबऱ्यावर ‘मी गरीब आहे’ हे सिद्ध करावे लागते. वय सिद्ध करताना कोणाची मान खाली जात नाही. मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. ओवाळणी घेताना बहिणीला आपली गरज सांगावी लागत नाही. तो दिवस आणि ते नाते एवढे पुरेसे असते. ज्या घेण्याआधी गरज उघडी करावी लागत नाही, ते घेणे मानाचे.

तरीही त्या ढोबळ नियमाखाली कोण भरडला जातो, हे २०२४ च्या भाऊबीजेला मी पाहिले. आम्ही तिघे साताऱ्याहून म्हसवडला, मामांकडे निघालो होतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ७५ वर्षांवरील सर्वांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, ६५ ते ७५ वयाच्या माणसांना निम्म्या भाड्याची सवलत होतीच. आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या स्त्रियांना निम्मे भाडे झाले. आईला त्याच वर्षी पंच्याहत्तर पूर्ण झालेली. म्हणजे अण्णांना शून्य, आईला शून्य आणि चाळिशीतल्या, नोकरी करणाऱ्या मला निम्मे. ती निम्मी सवलत मी आजवर एकदाही नाकारलेली नाही. तेव्हा अण्णांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करते.

गाडी खच्चून भरलेली. सातारा सोडताच कंडक्टर आले. अण्णा म्हणाले, “मला एक पूर्ण द्या, म्हसवड.”

“आजोबा, आधार कार्ड आहे ना? मग पूर्ण कशाला?”

“मला परवडतं.”

कंडक्टरने आईकडे पाहिले. माझ्या छातीत धस्स झाले. पण आईने पिशवीतून आपले कार्ड काढून शांतपणे पुढे केले. “त्यांचं ते सांगतायत. माझं शून्याचं द्या.”

यंत्रातून कागद बाहेर आला. आई तो डोळ्यांजवळ धरून वाचत राहिली. रकमेच्या जागी खरोखरच शून्य होते.

माझ्या सीटच्या दांडीला धरून एक गृहस्थ उभे होते. त्यांनी पूर्ण तिकीट काढले होते. ते अण्णांकडे वळून म्हणाले, “आजोबा, एक इचारू? घेत का न्हाई तुम्ही?”

“अहो, पैसा कुणाचा तरी जातोच ना त्यात? तुमच्यासारख्यांचाच जातो.”

“जातोय की. माझी आई ह्याच गाडीनं साताऱ्याला दवाखान्यात येती, दर म्हैन्याला. आधी माझ्याकडं पैसं मागायला लाजायची आन् दुखणं अंगावर काढायची. आता मागत न्हाई. माझं गेलं तर जाऊ द्या की. मी काय नको म्हणलोय व्हय?”

अण्णांना उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “तुमचं वय काय?”

“कागदावर अठ्ठावन्न. मुंबईला माथाडी हुतो, पोती उचलली. पाठीचं म्हणाल तर ती तुमच्या वयाची असंल.”

आईने मला कोपराने ढोसले. “ऊठ.” मी उठले. “ऱ्हाऊ द्या ताई,” असे एकदा म्हणून ते बसले आणि बसताना त्यांनी कमरेला हात लावला. कोरेगाव ते दहिवडी मी उभी होते. सरकारला जन्मतारीख मोजता येते, पाठ मोजता येत नाही. ते काम गाडीतल्या माणसांनीच करायचे असते. आणि तिथे मी माझी जागा सोडली, आईची नव्हे, एवढे मला बरे वाटले.

परतीच्या प्रवासात कंडक्टर आले तेव्हा दोघांचीही कार्डे आईच्या पिशवीत होती. तिने ती बाहेर काढली, आपले कंडक्टरला दिले आणि दुसरे अण्णांच्या हातात ठेवले. म्हणाली, “तुमचं तुम्ही सांगा.”

अण्णांनी कार्ड पुढे केले. “शून्याचं द्या.”

घरी आल्यावर नेहमीप्रमाणे त्यांनी खर्चाची वही उघडली. मी चहा घेऊन गेले तेव्हा शाई ओली होती. ‘म्हसवड ते सातारा, भाडे’ असे लिहून पुढे त्यांनी शून्य मांडले होते. आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात, ‘देणे आहे’.